जोडलेली धमनी पुन्हा पुन्हा आकसते: पॅपाव्हरिनची आणखी एक सिरिंज मागण्याआधी

तुटलेलं बोट जोडताना धमनीचा शेवटचा टाका बांधून झाला, क्लॅम्प काढले, धमनी भरली आणि तर्जनीचं टोक गुलाबी झालं. ओटीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग आम्ही मागच्या बाजूच्या शिरांकडे वळलो. दहा-बारा मिनिटांनी परत पाहिलं तर बोट मेणासारखं आणि मायक्रोस्कोपखाली धमनी सुतासारखी बारीक, पांढरट. सिस्टरांनी विचारलं, "मॅडम, अजून पॅपाव्हरिन देऊ का?" पॅपाव्हरिन म्हणजे आकसलेली धमनी सैल करणारं औषध.

वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत पॉवर प्रेस, कटिंग मशीन, बेल्ट आणि रोलर यांच्यात सापडलेली बोटं ज्यांनी जोडली आहेत, त्यांना हा क्षण ठाऊक आहे. फ्लॅप, म्हणजे शरीराच्या एका भागातली कातडी-मांस रक्तवाहिन्यांसकट दुसरीकडे बसवण्याची शस्त्रक्रिया, करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. माझ्याकडे शिकायला येणारे तरुण डॉक्टर आणि नव्याने लागलेल्या ओटी सिस्टर हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात, की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. धमनी पुन्हा पुन्हा आकसत असेल तर दहातल्या बहुतेक वेळा औषध कमी पडलेलं नसतं, दुसरं काहीतरी चुकलेलं असतं. आणि कधीकधी औषध वाडग्यातच मेलेलं असतं. हा दुसरा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वाडग्यातलं ताक

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात आमच्या लागोपाठ काही केसेसमध्ये पॅपाव्हरिन "चालेना". थेंब टाकायचो, वाट बघायचो, धमनी ढिम्म. बॅच खराब असेल म्हणून नव्या अँप्यूल मागवल्या, तरी तेच. एका रात्री माझ्याबरोबरच्या सिस्टर ट्रॉलीवरचा स्टीलचा वाडगा दिव्याखाली तिरपा करून म्हणाल्या, "मॅडम, हे पाणी ताकासारखं दिसतंय."

खरंच गढूळ होतं. तळाशी बारीक पांढरी भुकटी बसली होती.

झालं असं होतं, की धुण्यासाठी आम्ही रिंगर लॅक्टेटमध्ये (सलाईनसारखंच एक क्षारांचं द्रावण) हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घालून एक मोठा वाडगा ठेवायचो. पॅपाव्हरिनसाठी वेगळं भांडं कशाला, म्हणून कोणीतरी केव्हातरी अँप्यूल त्याच वाडग्यात फोडायला सुरुवात केली, आणि मग ती पद्धतच पडली. कोणी एकट्याने केलेली चूक नव्हती ती; मीही कितीतरी वेळा त्याच वाडग्यातून सिरिंज भरून घेतली होती. पॅपाव्हरिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी द्रावणातच विरघळलेलं राहतं. रिंगर लॅक्टेटमध्ये टाकलं की त्याचा साका बसतो. हेपरिनबरोबरही ते गाळ धरतं. म्हणजे आम्ही धमनीवर औषध टाकतच नव्हतो, औषधाचा चुरा टाकत होतो. शिवाय तो चुरा उघड्या तोंडाच्या रक्तवाहिनीत गेला असता तर गुठळीला आमंत्रणच होतं. त्यातल्या एका रुग्णाचं बोट आम्ही वाचवू शकलो नाही. औषध नीट असतं तर ते वाचलं असतं का, हे सांगता येत नाही, पण तो वाडगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून "पॅपाव्हरिनचा उपयोग होत नाही" अशी तक्रार आली की सर्वात आधी वाडगा बघा. द्रावण पाण्यासारखं नितळ हवं. पातळ करायचं तर नॉर्मल सलाईनमध्येच. आपल्याकडे मिळणाऱ्या अँप्यूलमध्ये सहसा दर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, दोन मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅम औषध असतं. एक अँप्यूल आणि १८ मिलिलिटर नॉर्मल सलाईन मिळून २० मिलिलिटर होतं, म्हणजे दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम. मी हेच वापरते. काही सर्जन ते पातळ न करता थेट थेंबाने टाकतात. बाहेरून टाकायला तेही चालतं. पण पातळ न केलेलं आम्लधर्मी पॅपाव्हरिन धमनीच्या पोकळीत, आतल्या अस्तराला लागेल असं सोडू नका. त्या अस्तराला इजा होते, आणि अस्तर दुखावलं की गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट या रक्तकणांना चिकटायला जागा मिळते. आत धुवायला हेपरिनचं सलाईन, बाहेर शिंपडायला पॅपाव्हरिन. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

अँप्यूल अफूपासून येते म्हणून ती कुलपात ठेवायची का, असंही एका सिस्टरांनी विचारलं होतं. पॅपाव्हरिन अफूत सापडतं हे खरं आहे. गेओर्ग मर्क यांनी १८४८ मध्ये ते वेगळं केलं, आणि नावातलं पापाव्हर म्हणजे आपली खसखशीचीच वनस्पती. पण मॉर्फिनसारखी नशा किंवा वेदनाशमन त्यात नाही. ते धमनीच्या भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूंना सैल करतं, एवढंच त्याचं काम.

एवढ्याशा आकसण्याने एवढं काय होतं?

बोटाच्या बुडाशी धमनी साधारण एक मिलिमीटरची असते, पुढे अजून बारीक. आणि नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. हा प्वाझय यांचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो, पण ओटीत तो आठवत नाही. धमनीचा व्यास फक्त वीस टक्क्यांनी कमी झाला तर प्रवाह जवळपास ४१ टक्क्यांवर येतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. मायक्रोस्कोपखाली "थोडीशी बारीक वाटतेय" असं आपण म्हणतो, तेव्हा बोटाच्या दृष्टीने ती थोडीशी नसते. त्यात प्रवाह मंदावला की जोडाच्या जागी प्लेटलेट साचतात, त्यातून सुटणारी थ्रॉम्बॉक्झेन आणि सेरोटोनिनसारखी द्रव्यं धमनीला अजून आवळतात. आकसणं आणि गुठळी एकमेकींना असा हात देतात. म्हणूनच "बघू, सुटेल" म्हणून अर्धा तास नुसतं बसून राहणं धोक्याचं, आणि कारण न शोधता औषध ओतत राहणंही तितकंच धोक्याचं.

हा नक्की स्पाझमच (धमनीचं आकसणं) आहे का?

इथे घाई करू नका. पांढरी, प्रवाह नसलेली धमनी तीन कारणांनी दिसते. ती आकसलेली असते, जोडात गुठळी असते, किंवा मुळात ती धमनीच जखमी आणि जोडण्याच्या लायकीची नसते. तिन्हींवर उपाय वेगळे.

आकसलेली धमनी लांबवर, सलग बारीक दिसते, जोडाच्या दोन्ही बाजूंना. कोमट सलाईनचा एक झोत सोडला की निदान क्षणभर तरी हलते, एखाद-दुसरं स्पंदन पुढे जातं. गुठळी असेल तर चित्र निराळं. जोडाच्या अलीकडे धमनी भरलेली, टपोरी, जोरात उडणारी आणि जोडाच्या पलीकडे रिकामी. कधी भिंतीतून गर्द किंवा पांढुरकं काहीतरी आत अडकलेलं दिसतं. अशा धमनीवर पॅपाव्हरिनचा पूर वाहवला तरी काही होणार नाही. जोड उघडा, धुवा, का झालं ते पाहा, पुन्हा जोडा. टाका मागच्या भिंतीला लागला होता, बाहेरचं आवरण आत गेलं होतं, की दोन तोंडांवर ताण होता? माझ्या अनुभवात "पुन्हा पुन्हा येणारा स्पाझम" म्हणून ज्या केसेस माझ्यापर्यंत आल्या, त्यातल्या बऱ्याच अशाच निघाल्या.

खात्री करायला दोन चिमट्यांची चाचणी आहेच. जोडाच्या पलीकडे धमनी दोन चिमट्यांनी हलकेच धरायची, दुसरा चिमटा पुढे सरकवून मधला भाग रिकामा करायचा, मग जोडाकडचा चिमटा सोडायचा. रिकामा भाग झटकन भरला तर जोड चालू आहे. पण ही चाचणी एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक वेळी अस्तर चिमटलं जातं. एका तरुण सहकाऱ्याने काळजीपोटी दर पाच मिनिटांनी ती केली होती, आणि शेवटी गुठळी बरोबर त्याने चिमटा लावलेल्या जागीच झाली.

तिसरा प्रकार म्हणजे जखमी धमनी, आणि आपल्या पट्ट्यात हाच जास्त. सुरीने स्वच्छ कापलेलं बोट कारखान्यातून क्वचितच येतं. रोलरमध्ये ओढलं गेलेलं, बेल्टमध्ये अडकून उपटलेलं असं जास्त येतं. ओढली गेलेली धमनी स्प्रिंगसारखी वेटोळी दिसते. बोटाच्या बाजूने त्वचेवर तांबडी रेघ दिसली तर आतल्या फांद्या तुटून रक्त पसरलं आहे असं समजा. अशा धमनीचं अस्तर आतून लांबवर फाटलेलं असतं, बाहेरून ती कितीही बरी वाटली तरी. तिला औषधाने मनवू नका. निरोगी अस्तर लागेपर्यंत आणि हाताकडच्या टोकातून रक्ताची चिळकांडी नीट उडेपर्यंत ती कापत जा, आणि मधली जागा मनगटाजवळून घेतलेल्या शिरेच्या तुकड्याने भरून काढा. दोन मिलिमीटर वाचवण्याच्या मोहात रात्रभर स्पाझमशी झगडत बसण्यापेक्षा ही चाळीस मिनिटं कितीतरी स्वस्त. हाताकडच्या टोकातून चिळकांडीच येत नसेल तर पुढे जोडून काय उपयोग? आधी तेच टोक सुधारा.

एक आगंतुक कारणही सांगून टाकते. बोट कसं आणलं होतं ते विचारा. मासळी बाजारातला किंवा सरबताच्या गाडीवरचा बर्फ थेट बोटाला लावून आणलेलं असेल तर पेशी गोठून मेलेल्या असू शकतात, आणि अशा रक्तवाहिन्यांना कुठलंच औषध उघडत नाही. ओल्या गॉझमध्ये गुंडाळून कोरड्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, असं आणायला हवं. कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना हे मी भेटेन तिथे सांगते.

औषधाआधीच्या गोष्टी

स्पाझमच आहे अशी खात्री झाली, तरी हात सिरिंजकडे जाण्याआधी डोकं वर काढून भूलतज्ज्ञांकडे बघा. रुग्णाचं तापमान किती? ओटीचा एसी किती अंशावर आहे? मायक्रोस्कोपवर वाकून घाम येतो म्हणून आपण सगळे एसी १८ वर ठेवतो, आणि चार-पाच तास उघड्यावर पडलेला माणूस आतून गार पडत जातो. गार शरीर पहिल्यांदा हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा तोडतं. निसर्गाने त्याला तसंच शिकवलेलं आहे. त्या आज्ञेविरुद्ध तुमचे दोन थेंब किती लढणार? रिप्लांट (तुटलेलं बोट पुन्हा जोडणं) किंवा फ्लॅप सुरू झाला की आमच्याकडे एसी २४ च्या खाली जात नाही. गरम हवेचं पांघरूण अंगावर असतं आणि सलाईनच्या बाटल्या आधीच कोमट केलेल्या असतात. पावसाळ्यात रुग्ण भिजलेल्या कपड्यांनी येतो, कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये तास जातो. त्याचे कपडे बदलून त्याला ऊब देण्याचं काम कॅज्युअल्टीतच सुरू व्हायला हवं.

तापमानानंतर रक्तदाब आणि पाणी. कारखान्यातून आलेल्या माणसाचं रक्त गेलेलं असतं, सकाळपासून तो उपाशी असतो. शरीरात पाणी कमी असेल तर तेही बोटाच्या धमन्या बंद करतं. लघवी किती होते आहे ते पाहा. सिस्टोलिक, म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा, शंभराच्या खाली असेल तर धमनीवर काहीही टाका, आत ढकलायला जोरच नाही. आणि उगाच आवळलेला राहिलेला टूर्निकेट (रक्त थांबवायला बांधलेला पट्टा), कोपराखाली दुमडलेली चादर, खांद्यापाशी ताणलेला हात हेही बघून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एकदा मला पाऊण तास छळणारा स्पाझम हाताची पट्टी सैल करताच दोन मिनिटांत सुटला होता.

वेदना आणि सिम्पथेटिक नसा हा पुढचा मुद्दा. ब्रॅकियल प्लेक्ससचा ब्लॉक, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याला दिलेली भूल, चांगला बसला असेल तर हातातल्या धमन्या आपोआप सैलावतात, कारण आवळण्याचा आदेश वाहून नेणाऱ्या नसाही त्यात बधिर होतात. नुसती जनरल भूल हे काम तेवढं करत नाही. म्हणून मी भूलतज्ज्ञांना सुरुवातीलाच विनंती करते की ब्लॉक द्या, शक्य तर कॅथेटर (औषध सोडायची बारीक नळी) ठेवा, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवसही तो चालू ठेवता येतो. माझ्या मते बोटं जोडताना कुठल्याही बाटलीतल्या औषधापेक्षा हा ब्लॉक मोठं औषध आहे.

आणि सर्जनच्या हातातलं सर्वात जुनं साधन म्हणजे धमनीचं बाहेरचं सैल आवरण काढणं. आवळणाऱ्या नसांचं जाळं तिथेच असतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर ते आवरण काळजीपूर्वक सोलून काढलं की जोडही स्वच्छ बसतो आणि तेवढ्या भागात आवळणारा हुकूमही पोचत नाही. तोंड आकसलेलं असेल तर जोडण्याआधी बारीक डायलेटरची टोकं आत घालून अगदी हलकेच उघडायची. जोर लावला तर अस्तर फाटतं, आणि मग आकसण्यापेक्षा वाईट अवस्था होते. आजूबाजूला साचलेलं रक्तही धुऊन टाका. धमनीला बाहेरून लागलेलं रक्त तिला चिडवतं, हे मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसतं.

मग औषध, आणि कोणतं

हे सगळं झालं तरी धमनी रुसलेलीच असेल तर औषध टाका, आणि टाकल्यावर तिला सोडा. ही माझी सर्वात आग्रहाची विनंती. थेंब टाकल्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवून पिळलेला गॉझ वर ठेवा, चिमटे बाजूला ठेवा, घड्याळ बघा. पाच ते दहा मिनिटं. आमच्या सिस्टर फळ्यावर वेळ लिहितात, कारण मायक्रोस्कोपवर दोन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात आणि आपण परत टोचायला लागतो. धमनीला हात लावणं हेच तिला आवळायचं एक कारण आहे. आणि द्रावण कोमट हवं. फ्रीजमधून काढून थेट टाकलेल्या गार थेंबाने धमनी आधी आकसते, मग औषध बिचारं त्या आकसण्याशी भांडत बसतं.

पॅपाव्हरिन माझी पहिली निवड. ते फॉस्फोडायएस्टरेज हे विकर अडवतं, स्नायूपेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि स्नायू सैल पडतो. यासाठी आतलं अस्तर शाबूत असायची गरज नाही. जोडाजवळ अस्तर नेहमीच थोडं दुखावलेलं असतं, म्हणून ही गोष्ट मोलाची आहे.

लिग्नोकेन, म्हणजे सगळे ज्याला झायलोकेन म्हणतात ते बधिर करणारं औषध, जवळपास प्रत्येक ओटीत असतं आणि पॅपाव्हरिन संपलं की तेच हाताशी येतं. पण त्याचा स्वभाव दुहेरी आहे. कमी तीव्रतेत ते धमनीला उलट आवळू शकतं, जास्त तीव्रतेत सैल करतं. त्यामुळे पातळ करून टाकलेल्या लिग्नोकेनने "काहीच झालं नाही" ही तक्रार स्वाभाविक आहे. पातळ न करता २ टक्के किंवा ४ टक्के वापरा आणि मात्रा मोजा. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला साडेचार मिलिग्रॅम धरली तर ६० किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम होतात. ४ टक्क्यांच्या दर मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम असतं, म्हणजे पावणेसात मिलिलिटरमध्ये ती मर्यादा गाठली जाते. मोठ्या उघड्या जखमेतून, फ्लॅपच्या खड्ड्यातून ते शोषलं जातं. ब्लॉकमध्ये ब्युपिव्हाकेन हे त्याच जातीचं औषध आधीच दिलेलं असेल तर दोघांचा विषारी परिणाम एकत्र मोजायला हवा. म्हणून टाकण्याआधी किती टाकतो आहोत ते भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं. ओठ बधिर, कानात आवाज ही लक्षणं भूल दिलेला रुग्ण सांगू शकत नाही; थेट झटके किंवा हृदयाचे ठोके बिघडल्यावरच कळतं.

आणि बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. अॅड्रिनॅलिन घातलेलं लिग्नोकेन साध्याच्या शेजारीच ठेवलेलं असतं. बोटांच्या भुलीत अॅड्रिनॅलिन वापरायला आता हरकत मानत नाहीत, ते वेगळं. पण नुकत्या जोडलेल्या एक मिलिमीटरच्या धमनीवर ते टाकणं म्हणजे आपणच तिला मुठीत आवळणं. असं कधी झालंच तर भरपूर कोमट सलाईनने धुवा, आणि अॅड्रिनॅलिनचा परिणाम उलटवणारं फेंटोलामिन मिळत असेल तर ते मागवा.

व्हेरापामिल आणि निकार्डिपिन कॅल्शियमची वाट अडवतात. नायट्रोग्लिसरीन स्नायूपेशीत नायट्रिक ऑक्साइड पुरवतं. बायपाससाठी मनगटातली रेडियल धमनी काढणारे हृदयशल्यविशारद व्हेरापामिल आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र वापरतात, आणि रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया होत असतील तर ही औषधं शेजारच्या ओटीत मिळतात. मी ती दुसऱ्या फळीत ठेवते. नायट्रोग्लिसरीन मोठ्या जखमेवर भरपूर टाकलं तर रक्तदाब उतरू शकतो, आणि आपल्याला नेमका तोच नको असतो. मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, पण आपल्याकडचं ५० टक्के द्रावण अतिशय घट्ट असतं, तसंच्या तसं टाकू नका. प्रोस्टाग्लँडिन ई-१ चांगलं औषध आहे, महाग आहे, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.

यातलं कोणतं सर्वात चांगलं, यावर वाद होतात. मी वादात पडत नाही, कारण या विषयातले बरेचसे प्रयोग उंदराच्या मांडीच्या धमनीवर झालेले आहेत. तीही साधारण एक मिलिमीटरचीच असते, म्हणून शिकायला उत्तम, पण उंदीर बिडी ओढत नाही आणि प्रेसमध्ये हात घालत नाही. तुमच्या ओटीला जे एक औषध नीट वापरता येतं, ते इतरांपेक्षा चांगलं. एकाचा उपयोग झाला नाही म्हणून पाठोपाठ तिसरं, चौथं टाकू नका. मिसळून काय तयार होतं ते तो वाडगा तुम्हाला सांगणार नाही.

माझी वेळेची सीमा अशी आहे: रुग्ण उबदार, दाब चांगला, ब्लॉक चालू, आवरण काढलेलं, औषध टाकून वीस मिनिटं झालेली, आणि तरीही प्रवाह नाही, तर तो स्पाझम आहे असं मी मानत नाही. जोड उघडते. उघडल्याचा पश्चात्ताप मला फारच थोड्या वेळा झाला आहे. न उघडल्याचा जास्त वेळा झाला आहे.

वॉर्डात पुन्हा आकसली तर

रात्री तीन वाजता वॉर्डातून फोन येतो, "मॅडम, बोट पांढरं वाटतंय." इथे पॅपाव्हरिनचा काही संबंध नाही, पट्टीवरून टाकून ते धमनीपर्यंत पोचत नाही. आधी पट्टी सैल करायला सांगते. रक्ताने भिजलेली पट्टी सुकली की प्लॅस्टरसारखी कडक होते आणि तीच बोट आवळते. पट्टी तळापर्यंत, कातडी दिसेपर्यंत कापायची. हात हृदयाच्या पातळीला आणायचा. बोट पांढरं असेल तर फार उंच नको, निळं-जांभळं असेल तर उंच. पांढरं आणि पुन्हा रंग भरत नाही ती धमनीची तक्रार, जांभळं आणि दाबल्यावर झटकन भरतं ती शिरेची. शिरेच्या तक्रारीची कहाणी पूर्ण वेगळी आहे. खोलीचा एसी बंद, अंगावर पांघरूण, वेदना किती, लघवी किती, ब्लॉकचं कॅथेटर चालू आहे की निसटलं आहे, एवढं फोनवरच विचारून घेते.

आणि नातेवाइकांना बिडी, सिगारेट, मशेरी, तंबाखू, गुटखा याबद्दल पुन्हा विचारते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी उशीखाली सापडते. रागावून उपयोग नाही. हाताच्या कमाईवर घर चालवणारा माणूस चार दिवस पलंगावर घाबरून पडलेला असतो, हात तिकडे जातोच. मी त्याला जवळ बसून सांगते की तंबाखूतलं निकोटीन जोडलेली धमनी आवळतं, आणि त्याच्या बायकोला किंवा आईला पुड्या माझ्याकडे आणून द्यायला सांगते. बहुतेक जण आणून देतात.

पट्टी कापून, ऊब देऊन अर्ध्या तासात रंग आला नाही तर ओटी उघडायला सांगते आणि निघते. मी पोचेपर्यंत सिस्टरांनी दोन सिरिंज भरून ठेवलेल्या असतात. निळ्या पट्टीची हेपरिनची, पिवळ्या पट्टीची पॅपाव्हरिनची. दोन वेगळ्या ट्रेमध्ये, आणि दोन्हींतलं द्रावण दिव्यासमोर धरून पाहिलेलं.